चौथं शील

भाद्रपद पौर्णिमेची खीर यंदा भावनाच्या घराकडे होती, आणि बारा लिटर दुधाची खीर म्हणजे काही गंमत नव्हे. सकाळी सहापासून ती चुलीवरच्या मोठ्या गंजापुढे उभी होती. हात जरा थांबला की खीर खाली लागते. आणि लागलेली खीर विहारात नेली की अनुसयाबाई तोंडावर काही म्हणत नाहीत, मात्र पुढच्या पौर्णिमेपर्यंत सगळ्या नालवाडीला सांगून मोकळ्या होतात.

बाहेरच्या खोलीत तिच्या सासूबाई, कमलाबाई, निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून साडेसहापासूनच खुर्चीत बसल्या होत्या. विहारातली वंदना दहाला. वय सत्त्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, पण आज बाईच्या अंगात वारं शिरलं होतं.

"भावना, त्या पोरीनं खाल्लं काय?"

"खाल्लं आई. पोहे खाल्ले."

"मिरची काढून देल्ली ना? आज तिचा आवाज बसाले नको."

"काढून देल्ली."

"पांढरा ड्रेस घालाले सांग."

"तिनं केव्हाचा घातला, आई. तुम्ही जरा टेका बरं."

ती पोरगी म्हणजे मिसाकी. सतरा वर्षांची, उत्तर जपानातल्या एका बर्फाळ गावातली. बापाच्या सफरचंदाच्या बागा. देशादेशांत विद्यार्थ्यांची अदलाबदल करणाऱ्या संस्थेमार्फत ती सहा आठवड्यांसाठी या घरी राहायला आली होती, आणि एप्रिलात या घरची आचल दहा महिन्यांसाठी तिच्या घरी जायची होती. तिथल्या शाळेत शिकायचं, त्यांच्यातच राहायचं, त्यांचं जेवायचं. संस्थेच्या सोनम मॅडम उद्या सोमवारी नागपूरहून फॉर्म न्यायला येणार होत्या. फॉर्मवर आईबाप दोघांची सही लागत होती, आणि ती अजून झाली नव्हती.

का झाली नव्हती, ते सांगायलाच हवं. आचलचा बाप रत्नदीप कॉलेजात इतिहास शिकवतो, जगातल्या सगळ्या क्रांत्या त्याला तारखेनिशी पाठ. पण घरात आईच्या शब्दापुढे त्याचं काही चालत नाही. "आई म्हणेल तसं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जून महिन्यात हा विषय जेवताना निघाला तेव्हा त्याचे मोठे भाऊ प्रभाकरराव ताटावरून उठून गेले होते. त्यांचा एकुलता एक अमर सात वर्षांपूर्वी कॅनडात गेला तो गेलाच. स्वतःच्या आईच्या शेवटालाही आला नाही, मोबाईलवर बघून रडला. तेव्हापासून या घरात परदेश हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. भावनाला वाटलं होतं, संपलं, आता सासूबाईही नाहीच म्हणणार. पण कमलाबाईंनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून शांतपणे विचारलं होतं, "कोनता देश म्हनली?"

"जपान, आजी."

"बुद्धाचा देश हाय तो. मंग जाऊ दे पोट्टीले. आपल्याच मानसांत चालली."

त्या एका वाक्यावर आचलचं जाणं उभं होतं. आणि मिसाकी आल्यावर तर कमलाबाईंनी वस्तीभर सांगून टाकलं की आमच्या घरी जपानची बौद्ध पोरगी आली आहे, भाद्रपद पौर्णिमेला तीच सगळ्यांपुढे उभी राहून त्रिशरण-पंचशील सांगणार. अनुसयाबाई विहाराच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी तर हिंगणीला दिलेल्या लेकीलाही बोलावून घेतलं होतं.

भावनाला वेलदोडे सापडेनात. ते कुठे ठेवले हे फक्त आचलला माहीत.

"अहो, हे धरा जरा," तिनं रत्नदीपच्या हातात डाव दिला. "थांबवू नका हात. विचार करत उभे राहाल तर खीर लागन."

"मी विचार करतच नाही," रत्नदीप म्हणाला.

"ते मले वीस वर्सांपासून माहीत हाय," असं म्हणून ती मागच्या अंगणात गेली.

कडुलिंबाखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर दोघी पोरी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मिसाकीच्या मांडीवर वही, तिच्यात त्यांच्या त्या काड्याकाड्यांच्या अक्षरांच्या ओळी. ती एकेक शब्द तोडून तोडून म्हणत होती आणि आचल मध्येच थांबवून दुरुस्त करत होती. भावना क्षणभर कौतुकानं ऐकत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की पोरगी लहानपणीचं पाठांतर आठवत नाहीये, नव्यानं शिकतेय. पहिलंच शील.

"आचल."

आचल दचकली. आईचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की आता लपवून उपयोग नाही.

"मम्मी, तिले काहीच येत नाई."

"काहीच म्हंजे?"

"वंदना नाई, त्रिशरण नाई, पंचशील नाई. तिनं ऐकलंच नव्हतं कधी."

"काऊन? जपानची हाय ना?"

"जपानची हाय म्हनून काय झालं? तिच्या घरचे मंदिरात जातात फक्त कोनी वारलं का. नवीन वर्साले दुसऱ्याच देवाच्या मंदिरात जातात. तिले विचारलं तू बौद्ध हायेस का, तर म्हने असू कदाचित, आजीले विचाराव लागन."

"तुले केव्हापासून माहीत हाय?"

"आली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आनि आजीले सांगतलं नाई?"

"सांगतलं असतं तर आजी हो म्हनली असती?" आचलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान खाली गेली नाही. "पप्पांनी सही केली असती? मोठेबाबा तर ताटावरून उठून गेलते, कोनी नाई म्हनते याची वाटच पाहून राह्यले. दहा दिवसांपासून शिकवून राह्यली मी तिले. आजीसाठी कर म्हटलं. पहिले नाई म्हनत होती. मंग म्हनली, करीन, पण अर्थ सांग. अर्थाशिवाय मी काही म्हननार नाई. सगळ्या ओळींचा अर्थ इंग्रजीत लिहून देल्ला."

मिसाकीला भाषा कळत नव्हती, पण बाकी सगळं कळत होतं. ती उठून उभी राहिली, वही छातीशी धरून भावनापुढे कमरेत वाकली, आणि शिकलेल्या पाच-दहा शब्दांतला एक म्हणाली, "माफ."

आता रागवावं तरी कोणावर! खोटं कशाला बोलावं, भावनाच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आणखी एकच दिवस. आज पार पडू दे. उद्या सही होऊ दे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं होतं, आणि प्रयोगवही अजून ट्रंकेत होती. आचल जाणार या कल्पनेनं जूनपासून ती स्वतःच कुठेतरी निघाल्यासारखी घरात वावरत होती.

"नीट पाठ करा," ती हळूच म्हणाली. "आनि वेलदोडे कुठं ठेवले ते सांग."

वळली तर न्हाणीच्या कोपऱ्याशी प्रभाकरराव उभे. खांद्यावर पंचा, हातात दाढीचा मग.

"भाऊजी, तुम्ही... केव्हाचे इथं?"

"पाटबंधारे खात्यात तीस वर्सं काढली," ते म्हणाले. "पानी कुठं मुरते ते कळते मले."

प्रभाकररावांनी भावजयीवर कधी आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही. म्हणूनच तिला भीती वाटली.

"भाऊजी, हात जोडतो तुमच्यापुढं. फक्त आजचा दिवस. उद्या फॉर्म गेला का मी स्वतः आईले सगळं सांगन."

"सही झाल्यावर?"

"हो."

"मंग ते सांगनं नाई झालं, भावना. ते कळवनं झालं."

प्रभाकररावांनी दाढीचा मग कट्ट्यावर ठेवला. पोरी आत निघून गेल्या होत्या.

"अमरचे कागद आलते ना, तवा त्यात स्पष्ट लिहून होतं. कायमचं राहाचं म्हनून. मी वाचले. तुह्या जाऊबाईले म्हटलं, दोन वर्साचं हाय, मंग येते तो. तिनं दाराच्या मागं कॅलेंडर टांगलं. रोज फुली मारे." ते थांबले. "दोन वर्सं झाली, तिसरं लागलं. एक दिवस तिनं कॅलेंडर उतरवलं, काही बोलली नाई. मले विचारलं पन नाई. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

भावना या घरात वीस वर्षं राहत होती. दारामागचं ते कॅलेंडर तिनं पाहिलं होतं. ते कशासाठी होतं हे तिला आज कळलं.

"मी नाई बोलनार आईपाशी," प्रभाकरराव म्हणाले. "मी पोट्टीले पाठवा बी नाई म्हनत, नका पाठवू बी नाई म्हनत. पन खोट्यावर पाठवू नका. खोट्यावर पाठवलेल्या पोरांची वाट पाहाले लय जड जाते."

एवढं ऐकूनही भावना आत जाऊन सासूला काही बोलली नाही. वेलदोडे कुटले, खिरीत टाकले, गंज उतरवला. वीस वेळा तोंड उघडलं आणि वीस वेळा दुसरंच काही बोलली. आई, पाणी हवं का. आई, चप्पल काढून ठेवू का. कमलाबाई मात्र भलत्या खुशीत होत्या. त्यांनी मिसाकीला जवळ बोलावलं, तिच्या पांढऱ्या कुडत्याची कॉलर सरळ केली, आणि कानामागे बोटानं काजळाचा एवढासा ठिपका लावला. मिसाकी खुर्चीत बसलेल्या त्या म्हातारीकडे असं काही बघत राहिली की भावनाला तिथं उभं राहवेना.

विहार गच्च भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळे पांढऱ्या कपड्यांत. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, दोघांपुढे मेणबत्त्या आणि मोगऱ्याची फुलं. दारातून उन्हाची तिरीप आत येत होती आणि पंखा नुसताच आवाज करत होता. कमलाबाईंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची मांडली होती. अनुसयाबाईंनी माईकवर घसा साफ केला.

"आज आपल्या विहारात साता समुद्रापलीकडून आपलीच एक धम्मभगिनी आली हाय. आपन तर सत्तर वर्सांचे, त्या लोकायच्या घरात हे दीड हजार वर्सांपासून हाय. तवा आज आपन तिच्या मागं म्हनू."

टाळ्या झाल्या. भावनानं शेजारी उभ्या आचलचा हात धरला.

मिसाकी पुढे गेली. वही आणली नव्हती. हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. उच्चार थोडे वेगळे, पण स्पष्ट. ती एक ओळ म्हणे आणि मागे दीडशे माणसं म्हणत. तीनही शरणं झाली. पहिलं शील झालं, दुसरं झालं. कमलाबाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. भावना मनात म्हणाली, झालं, निभावलं. तिसरं शील झालं.

मग मिसाकी थांबली.

लोकांना वाटलं, विसरली. मागून दोन बायकांनी चौथ्या शीलाची सुरुवात सांगितली. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं सांगितली. मिसाकीनं डोळे उघडले आणि मान हलवली. आचलकडे पाहून ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं, समजलं फार थोड्यांना.

"काय म्हनते ती?" अनुसयाबाईंनी विचारलं. "आचल, सांग ना!"

आचल जागेवरून हलेना. भावनाच्या मनात आलं, आता ही म्हणेल, तब्येत बरी नाही तिची, आणि सगळं सावरून जाईल. पुरुषांच्या रांगेत रत्नदीपनं मान खाली घातली होती. त्याला इंग्रजी कळलं होतं. आचलनं आजीकडे पाहिलं, मग आईकडे. भावनानं तिचा हात सोडून दिला. सांग म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून नुसता हात सोडला.

आचल पुढे जाऊन मिसाकीच्या शेजारी उभी राहिली.

"ती म्हनते, मी विसरली नाई," आचल म्हणाली. "ती म्हनते, चौथ्या शीलाचा अर्थ मी खोटं बोलनार नाई असा हाय, आचलनं सांगतला मले. आनि मी आत्ता इथं उभी राहून खोटंच बोलून राह्यली. म्हनून हे एक मले म्हनता येत नाई."

मिसाकी बोलत गेली, आचल सांगत गेली. आता तिनं काही गाळलं नाही.

"ती म्हनते, मले यातलं काहीच येत नव्हतं. दहा दिवसांत पाठ केलं. आमच्या घरी एक काळं कपाट हाय, त्यात आजोबांचा फोटो. माही आजी रोज सकाळी तिथं भात आनि पानी ठेवते, छोटी घंटी वाजवते, काहीतरी पुटपुटते. मी शाळेच्या घाईत असतो. ती काय म्हनते ते मी कधी विचारलंच नाई. तुमी सगळे मले तुमच्यातली समजून प्रेम करून राह्यले, ते प्रेम चोरल्यासारखं वाटते." आचल लोकांकडे वळली. "हे तिचं झालं. आता माहं. तिचा काही दोष नाई. मी शिकवलं तिले. मले जपानले जायचं होतं. आजी नाई म्हनन म्हनून मी लपवलं."

विहारात कुजबुज सुरू झाली. अनुसयाबाईंचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "म्हंजे फसवलंच म्हना ना आमाले! घरच्या लोकायले तरी माहीत होतं का नाई?"

"माहीत होतं," पुरुषांच्या रांगेतून आवाज आला. प्रभाकरराव उभे राहिले होते. "मले माहीत होतं, भावनाले माहीत होतं. फसवलं ते आमी मोठ्याइनं, अनुसयाबाई. या पोरीइनं तर सांगून टाकलं. आमाच्यानं नाई सांगनं झालं."

जून महिन्यात ताटावरून उठून गेलेला माणूस आज भरल्या विहारात पोरींच्या बाजूनं उभा राहिला. भावनाला रडू आवरेना.

कमलाबाई खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. रत्नदीप धावला, त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. एकेक पाऊल टाकत त्या पुढे गेल्या.

"अनुसया, माईक दे."

अनुसयाबाईंनी दिला.

"आठ वर्साची होती मी. बाबाच्या खांद्यावर बसून नागपूरले दीक्षेले गेलती. ते तुमी सगळ्यायनं माह्या तोंडून पन्नास खेपा ऐकलं. त्याच्या पुढचं नाई सांगतलं कधी. तिथून आलो तवा आमाले काय येत होतं? काही नाई. माह्या मायले अक्षर वळखू येत नव्हतं. एक मास्तर शिकवाले येत. पाच शीलं पाठ कराले तिले तीन महिने लागले. निंदाले जाये तर वावरात म्हने, चुलीपाशी म्हने. चौथ्यावर अडे."

त्या दम घ्यायला थांबल्या.

"मास्तर म्हनत, बाई, काऊन अडता? चौथंच काऊन येत नाई? तर माय म्हने, मास्तर, येते मले. पन रोज सकाळी मालगुजाराच्या वाड्यावर झाडलोट कराले जातो. मालक इचारते, कसं काय? मी म्हनतो, लय सुखात हावो मालक. घरी लेकरं उपाशी. मंग हे चौथं मी कोनत्या तोंडानं म्हनू? आनि तिनं नाई म्हटलं. त्या वाड्यावरचं काम सोडलं, नालवाडीत मजुरीले लागली, मंगच म्हटलं."

भावनानं ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती. रत्नदीपच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, त्यानंही नाही.

"मी सत्तर वर्सं म्हनून राह्यली चौथं. एक बार अडली नाई. पानी पेल्यावानी म्हनतो." त्यांनी मिसाकीचा हात धरला. "मले बी माहीत होतं, पोट्टे हो. दुसऱ्याच दिवशी. मी हात जोडले तर ही बिचारी आचलकडं पाहे, काय कराचं म्हनून. मी काही आंधळी नाई."

"आजी!" आचलच्या तोंडून निघालं.

"आजी काय आजी! तू माह्यापासून लपवलं, मी तुह्यापासून. मले भेव लागलतं. नात परक्याच्या घरी चालली हे मनाले सोसत नव्हतं, म्हनून म्हनत बसली, आपल्यातच चालली, आपल्यातच चालली. वस्तीभर सांगत सुटली. हिले इथं उभं केलं ते म्याच केलं." त्यांनी माईक अनुसयाबाईंकडे परत दिला आणि माईकशिवायच म्हणाल्या, "माय गेल्यावर चौथ्यावर अडलेलं मानूस मी आज पाह्यलं. आता म्हन माय तू. आता तुले म्हनता येते."

आचलनं मिसाकीला कानात सांगितलं. मिसाकी बराच वेळ त्या म्हातारीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिनं चौथं शील म्हटलं, हळू, एकेक शब्द. मागच्या दीडशे माणसांनीही त्या दिवशी ते हळूच म्हटलं. भावनाला तर अर्ध्यावरच हुंदका आला.

खिरीला अनुसयाबाईंनी नाव ठेवलं नाही. दोनदा घेतली. शिवाय जाताना मिसाकीच्या हातावर नारळाचा तुकडा ठेवून म्हणाल्या, "तुह्या आजीले विचारजो वं, काय म्हनते ते. आमाले बी सांगजो." आचलनं तेही इंग्रजीत सांगितलं.

दुपारी घरी आल्यावर कमलाबाईंनी लुगडंही बदललं नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रत्नदीप, तो कागद आन."

रत्नदीपनं फॉर्म आणला. भावना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आचल आणि मिसाकी खाली चटईवर, एकमेकींना चिकटून. प्रभाकरराव खिडकीपाशी पेपर धरून बसले होते. तो उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते.

"पहिले तू इकडं पाह्य," कमलाबाई नातीला म्हणाल्या. "खोटं बोलली, त्याची शिक्षा हाय. तिथं गेली का हिच्या आजीपाशी रोज सकाळी बसाचं. भात ठेवाले, घंटी वाजवाले. झोपीत राहाचं नाई. आनि दर रविवारी मले फोन कराचा, खरं सांगाचं. रडू आलं तर रडू आलं म्हनाचं. बरं हाय, सुखात हावो, असं मले सांगाचं नाई."

आचलला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. प्रभाकररावांनी पेपर खाली ठेवला.

"आता वाच रे त्यात काय लिहिलं," कमलाबाई रत्नदीपला म्हणाल्या.

रत्नदीप वाचत गेला. नाव, जन्मतारीख, शाळा, आजार. मग एका रकान्यापाशी अडखळला. "आपण आपल्या पाल्याला या देशात का पाठवू इच्छिता? इथं मी लिहिलंय की, जपान हा बौद्ध देश असून आमचा व त्यांचा धर्म एक असल्यामुळे मुलीला तेथे परकेपणा वाटणार नाही."

"खोड ते."

"आई, सरकारी नाही तरी ऑफिसचा कागद आहे. खाडाखोड..."

"खोड म्हनली ना. सकाळी चौथं म्हटलं, दुपारी खोटं लिहू काय?"

रत्नदीपनं ओळ खोडली. "मग काय लिहू?"

बाहेर कोणीतरी गंज घासत होतं. मिसाकी कुडत्याची बाही ओढून त्यांच्याकडे बघत होती, कानामागचा काजळाचा ठिपका आता गालापर्यंत पसरला होता.

"लिही," त्या म्हणाल्या, "तिथं आमचं कोनी नाई. कोनी व्हावं म्हनून पाठवतो."

रत्नदीपनं आईकडे पाहिलं. तेवढंच लिहिलं आणि खाली सही केली. मग शेजारच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून पेन भावनापुढे धरलं. जूनपासून ती या सहीची वाट पाहत होती, आणि आता पेन हातात घेतल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की पोरगी खरंच जाणार. कॅनडाएवढीच लांब. तिनं पेन कागदावर टेकवलं आणि परत उचललं.

"जमत नसन तर थांब थोडं," प्रभाकरराव खिडकीपासून म्हणाले. "घाई नाई."

"भेव लागून राह्यलं, भाऊजी," भावना म्हणाली. या घरात आल्यापासून तिनं हे कोणाला असं उघड सांगितलं नव्हतं.

"लागूच दे," ते म्हणाले. "आता खरं हाय ना सगळं. कर सही."

तिनं वेळ घेऊन, पूर्ण नाव लिहून सही केली.